फोटो राहतात कुठं? मोबाइलमध्ये फोटोंचं अ‍ॅप निवडण्याआधी

गेल्या आषाढात गोदाकाठच्या एका गावातून मायलेक माझ्या दुकानात आले. मुलाच्या वडिलांना जाऊन सहा दिवस झाले होते. दहाव्याला ठेवायला फोटो हवा होता, बारा बाय अठराचा, फ्रेमसकट. मुलानं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक फोटो दाखवला. कुणाच्या तरी लग्नातला होता. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, तोंडभर हसू. फाइल मात्र ९४ केबीची. कॉम्प्युटरवर मोठा करत गेलो तसे डोळ्यांच्या जागी चौकोन दिसायला लागले. मी विचारलं, "दुसरा एखादा नाही का? तुमच्याच मोबाइलनं काढलेला?"

"ह्याच मोबाइलात होते की दादा," माय म्हणाली. "मेमरी फुल दाखवायली म्हणून दिवाळीत ह्यानं सगळे डिलीट मारले. गूगलमधी हायेत म्हणला होता."

गूगलमध्ये नव्हते.

पोरानं अडाणीपणा केला असं मी म्हणणार नाही. त्यानं गूगल फोटोज उघडलं, बॅकअप पूर्ण झाल्याचं दिसलं, म्हणजे एक प्रत गूगलकडं पोचली, आता मोबाइलातली काढून टाकायला हरकत नाही, असा हिशोब केला. हिशोब बरोबर होता. फक्त डिलीट त्यानं गूगल फोटोजमध्येच बसून केलं, आणि तिथं डिलीट केलेला फोटो मोबाइलातूनही जातो आणि गूगलच्या खात्यातूनही जातो. बॅकअप झालेला फोटो साठ दिवस कचरापेटीत राहतो, त्यानंतर कायमचा जातो. दिवाळी ते आषाढ, आठ महिने उलटले होते.

गंगाखेडात माझा फोटो स्टुडिओ आहे. रोलचे दिवस मी पाहिलेत. तेव्हा गिऱ्हाईक फोटो धुवून न्यायचं, अल्बमात लावायचं, पावसाळ्यात अल्बमाला बुरशी धरायची, पण निगेटिव्ह पाकिटात घालून कपाटात असायची. दहा वर्षांनी कुणी आलं तरी त्या निगेटिव्हवरून नवा फोटो काढून देता यायचा. मोबाइलात निगेटिव्ह नावाची वस्तूच नाही. म्हणून "दादा, फोटो ठेवायला चांगलं अ‍ॅप कोणतं?" असं कुणी विचारलं, की नाव सांगण्याआधी मी उलट विचारतो: तुमच्या फोटोंची निगेटिव्ह आज कुठं आहे, आणि ती चुकून कुणाच्या बोटानं पुसली जाऊ शकते? एवढं कळलं तर अ‍ॅप निवडणं अवघड राहत नाही. ते नाही कळलं तर चार अ‍ॅप बदलून बघितले तरी फोटो जायचे ते जातात.

अ‍ॅप म्हणजे खिडकी

मोबाइलनं फोटो काढला की तो फाइल होऊन मोबाइलच्या मेमरीत बसतो. अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. हे नाव डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळापासून चालत आलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, स्क्रीनशॉट तिसऱ्याच. गॅलरीचं अ‍ॅप हे सगळे फोल्डर उघडून एका जागी दाखवतं, इतकंच. एका खोलीला दोन खिडक्या पाडल्या म्हणून आतलं सामान दुप्पट होत नाही. मोबाइलात कंपनीची गॅलरी आणि गूगल फोटोज अशी दोन चिन्हं असतात, दोन्हींत तोच फोटो दिसतो, आणि माणसाला वाटतं फोटो डबल झालेत. मग एका जागचे काढायला जातो. माझ्याकडं रडवेले होऊन आलेले निम्मे लोक ह्याच वाटेनं आलेले असतात.

उलटंही तितकंच खरं. खिडकी काढून टाकली म्हणून सामान जात नाही. गॅलरीचं अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं तरी कॅमेऱ्याचे फोटो जागेवर राहतात. गूगल फोटोज बंद करून टाकलं तरी आधी वर गेलेले, म्हणजे इंटरनेटवरून गूगलकडं पोचलेले, फोटो खात्यात तसेच असतात. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. 'लॉक्ड फोल्डर' किंवा लपवून ठेवायची जी जागा ह्या अ‍ॅप्समध्ये असते, तिथले फोटो त्या अ‍ॅपच्याच कुलपात असतात. गूगल फोटोजच्या लॉक्ड फोल्डरचा बॅकअप वेगळा चालू केलेला नसेल आणि तुम्ही अ‍ॅप काढलं किंवा त्याचा डेटा साफ केला, तर आतले फोटो गेले. दागिन्यांचे, कागदपत्रांचे फोटो लोक नेमके तिथंच ठेवतात.

म्हणजे फोटोंच्या अ‍ॅपला तीन वेगळी कामं असतात: फोटो दाखवणं, फोटो जपणं आणि हवा तो फोटो शोधून देणं. काही अ‍ॅप्स फक्त पहिलं करतात, काही तिन्ही करतात. जाहिरातीत मात्र सगळ्यांचं वर्णन एकसारखंच असतं. तुम्हाला ह्यातलं कोणतं काम हवंय हे आधी मनाशी ठरवा.

बॅकअप आणि सिंक, इथंच गफलत होते

बॅकअप म्हणजे वेगळी प्रत. सात-बाराची झेरॉक्स बहिणीच्या घरी ठेवली, तुमच्या घरचा कागद वाळवीनं खाल्ला तरी बहिणीकडची शाबूत. सिंक म्हणजे दोन्हीकडं एकसारखं ठेवणं. उधारीच्या दोन वह्या आहेत, एक दुकानात, एक घरी, आणि एकीत ओळ खोडली की दुसरीतली आपोआप खोडली जाते, असं समजा. लिहायला सोय, पण खोडताना चुकलं तर दोन्हीकडं चुकलं.

गूगल फोटोज स्वतःला बॅकअप म्हणवतं, पण डिलीटच्या बाबतीत वागतं सिंकसारखं. आयफोनचं आयक्लाऊड फोटोज तर उघडच सिंक आहे. मोबाइलातला पुसला की आयपॅडवरचाही जातो, फक्त तीस दिवस 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये थांबतो. ह्यात लबाडी काही नाही. कंपनीला वाटतं की तुम्ही नको असलेला फोटो एकदा काढला तर तो सगळीकडून जावा. पण "मेमरी फुल" झालेल्या माणसाला हवं असतं वेगळंच. त्याला मोबाइलातून काढायचाय आणि वर ठेवायचाय.

त्यासाठी गूगल फोटोजमध्ये वेगळं बटण आहे. वर कोपऱ्यात आपल्या खात्याच्या गोल चित्रावर दाबा, तिथं 'फ्री अप स्पेस' दिसेल. ते फक्त वर सुरक्षित पोचलेलेच फोटो मोबाइलातून काढतं, खात्यातले तसेच ठेवतं. एकदोनच फोटो काढायचे असतील तर तो फोटो उघडून 'डिलीट फ्रॉम डिव्हाइस' निवडा. कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह मात्र दोन्हीकडचं पुसतं. हा फरक घरातल्या प्रत्येकाला बोटानं दाखवून द्या, तोंडी सांगून कळत नाही. मी स्वतः गिऱ्हाइकाला चहाच्या कपाचा फोटो काढायला लावतो. तो वर जाऊ देतो. मग माझ्या कॉम्प्युटरवर त्याचं खातं उघडून कप दाखवतो. मोबाइलातून 'डिलीट फ्रॉम डिव्हाइस' केलं, कॉम्प्युटरवर कप आहे. आता डब्यावर दाबा. कॉम्प्युटरवरचाही कप गेला. पाच मिनिटांचं काम, पण तो माणूस पुन्हा चुकत नाही. नवीन कुठलंही अ‍ॅप टाकलं की भरवसा ठेवण्याआधी हा कपाचा प्रयोग करून बघा. मग काम झाल्यावर माझ्या कॉम्प्युटरवरून मी खातं बाहेर काढतो, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर काढतो. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर केलंत तर तुम्हीही तेवढा आग्रह धरा.

आणखी एक. बॅकअप चालू आहे म्हणजे सगळेच फोटो वर जातायत असं नाही. कॅमेऱ्याचे जातात. व्हॉट्सअ‍ॅपचे फोल्डर तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय जात नाहीत. खरं तर हे बरंच आहे, नाहीतर सकाळचे शुभप्रभात आणि वाढदिवसाचे बॅनर सगळी जागा खातील. पण नातवाचा पहिला फोटो सुनेनं व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवलेला असतो. असे निवडक फोटो उघडून एकेक करून बॅकअपला टाकता येतात. फोल्डर सरसकट चालू करण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

पंधरा जीबीचा हिशोब

गूगल फोटोज २०१५ साली आलं तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवा, पैसे नाहीत, अशी सवलत होती. ती १ जून २०२१ ला संपली. तेव्हापासून वर जाणारा प्रत्येक फोटो खात्याच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत मोजला जातो, आणि ही जागा एकट्या फोटोंची नाही. जीमेलचे ईमेल, गूगल ड्राइव्हच्या फाइली, सगळं त्यातच. २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजतात. त्यामुळं "मी तर फोटो जास्त काढतच नाही, तरी फुल कसं?" असं म्हणणाऱ्याचं खातं उघडलं की आठ-नऊ जीबी व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ निघतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकअपमधून व्हिडिओ वगळा, बरीच जागा मोकळी होते.

बारा मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण तीन ते चार एमबीचा असतो. चार धरले तर एका जीबीत अडीचशे, पंधरा जीबीत पावणेचार हजार. एकट्या माणसाला दोन-तीन वर्षं पुरतील. व्हिडिओ मात्र मिनिटाला साठ एमबीपासून पुढं कितीही खातो. वरातीतला वीस मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे तीनशे फोटोंची जागा.

दर्जाचं काय? तिथं दोन पर्याय येतात, 'ओरिजिनल क्वालिटी' आणि 'स्टोरेज सेव्हर'. दुसऱ्यात सोळा मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो सोळापर्यंत आणला जातो आणि फाइल दाबून लहान केली जाते. फोटो छापणारा माणूस म्हणून सांगतो, घरगुती कामाला स्टोरेज सेव्हर पुरतो. त्यातून काढलेले बारा बाय अठराचे फोटो मी छापलेत, फरक दाखवून दिल्याशिवाय कळत नाही. खरी वाट लागते ती व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. अठरा इंचाच्या कागदावर तो ताणला की इंचाला नव्वदसुद्धा ठिपके मिळत नाहीत. बारा मेगापिक्सेलच्या मूळ फोटोत ते सव्वादोनशेच्या आसपास मिळतात. म्हणून छापायचा फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. 'एचडी' म्हणून पाठवायची सोय २०२३ मध्ये आली, ती नेहमीपेक्षा बरी, पण डॉक्युमेंटची बरोबरी नाही.

जागा विकत घ्यावी का? घरात लहान मूल असेल, लग्नकार्य असेल, तर महिन्याचा खर्च दुधाच्या दोन-तीन पिशव्यांइतका आहे, घ्या. पण घेण्याआधी हे समजून घ्या की पैसे भरणं थांबलं आणि तुम्ही फुकटच्या मर्यादेच्या वर राहिलात, तर नवे फोटो वर जाणं थांबतं, आणि दोन वर्षं तसंच राहिलं तर आधीचंही काढून टाकण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातंही बंद होऊ शकतं. वडिलांच्या जुन्या खात्यात फोटो असतील तर वर्षातून एकदोनदा ते उघडा.

आयडी कुणाचा?

ह्या विषयावर कुणी लिहीत नाही, पण आपल्या भागात सगळ्यात जास्त फोटो इथं जातात. मोबाइल घेताना दुकानातला पोरगा घाईघाईत जीमेल बनवून देतो. नाव काहीतरी, पासवर्ड काहीतरी, जन्मतारीख एक जानेवारी. मोबाइल चालू आहे तोवर काही अडत नाही. पाण्याची मोटार चालू करताना तो विहिरीत पडला की नव्या मोबाइलात तो आयडी विचारतात, आणि तिथं सगळं संपतं. फोटो वर सुरक्षित असतात आणि कुलपाची किल्ली कुणाकडंच नसते. मी असे घरचे लोक पाहिलेत ज्यांना खात्यात पाच वर्षांचे फोटो आहेत हे माहीत आहे आणि उघडता येत नाही.

म्हणून अ‍ॅप निवडण्याच्या आधी आजच्या आज हे करा. सेटिंगमध्ये आपला जीमेल आयडी वाचा आणि वहीत लिहा. मोबाइल हातात आणि चालू असताना पासवर्ड बदलणं बहुतेक वेळा जमतं, तेव्हा बदलून तोही घरात सुरक्षित जागी लिहून ठेवा. रिकव्हरीचा, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा, नंबर चालू नंबर आहे का बघा. बंद पडलेलं सिम कंपनी किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला देऊ शकते. रिकव्हरीला तोच नंबर राहिला तर ओटीपी अनोळखी माणसाकडं जाईल. म्हाताऱ्या माणसाच्या खात्यात रिकव्हरीला मुलाचा किंवा मुलीचा नंबर टाकलेला बरा. गूगलमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. ठरावीक महिने खातं वापरलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला आतलं उतरवून घेता येतं. आयफोनवाल्यांना 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. आपल्याकडं जिवंतपणी अशी बोलणी करायला माणसं कचरतात, पण वारसाची नोंद लावतोच ना आपण.

ज्याला फोटो बाहेर जाऊच द्यायचे नाहीत

काही जण स्पष्ट सांगतात, माझे फोटो कुठल्याही कंपनीकडं नकोत. बरोबर आहे, त्यांचा हक्क आहे. त्यांना फक्त दाखवणारी गॅलरी हवी. मोबाइल कंपनीची स्वतःची असतेच. गूगलचीही 'गॅलरी' नावाची हलकी आवृत्ती आहे, ती इंटरनेटशिवाय चालते, जुन्या कमी मेमरीच्या मोबाइलला चांगली. जाहिराती नकोत, इंटरनेटची परवानगीही नको, असं हवं असेल तर 'फॉसिफाय गॅलरी' बघा, तिचा कोड खुला आहे, म्हणजे अ‍ॅप आतून कसं लिहिलंय ते कुणालाही बघता आणि वापरता येतं. तिच्यामागं एक गोष्ट आहे जी अ‍ॅप निवडणाऱ्यानं जाणून घ्यावी. 'सिंपल गॅलरी' नावाचं अ‍ॅप बरीच वर्षं लोक विश्वासानं वापरत होते. २०२३ च्या अखेरीस तो सगळा अ‍ॅप्सचा संच दुसऱ्या कंपनीला विकला गेला. तेव्हा त्यावर काम केलेल्या मंडळींनी खुला कोड घेऊन फॉसिफाय उभं केलं. त्याआधी २०१५ मध्ये 'क्विकपिक' हे असंच आवडतं अ‍ॅप विकलं गेलं होतं. म्हणजे अ‍ॅप आज चांगलं आहे एवढं पुरत नाही, ते कुणाच्या हातात आहे हे मधूनमधून बघावं लागतं.

परवानग्या वाचायची सवय लावा. गॅलरीला फोटो बघायची परवानगी लागणारच. पण तिला कॉन्टॅक्ट कशाला हवेत, कॉलची यादी कशाला हवी? मागितली की काढून टाका. झटपट कर्ज देणाऱ्या भामट्या अ‍ॅप्सनी गॅलरीतले फोटो उचलून लोकांना छळलं, माणसं जिवाला मुकली. त्यानंतर गूगलनं ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या अ‍ॅप्सना फोटो आणि कॉन्टॅक्ट घ्यायला बंदी केली. पण व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवून टाकायला लावलेल्या अ‍ॅपला ही बंदी लागू होत नाही. ते टाकूच नका. अँड्रॉइड १४ पासून सगळ्या गॅलरीऐवजी निवडक फोटोच दाखवायची सोय आहे, अनोळखी अ‍ॅपला तेवढंच द्या. आणि आधार, पॅन, लायसन्स ह्यांचे फोटो गॅलरीत साठवण्यापेक्षा डिजिलॉकर वापरा, तिथं सरकारी खात्याकडून थेट आलेली कागदपत्रं कायद्यानं मूळ कागदासारखीच धरली जातात.

फोटो वरही ठेवायचे आणि कंपनीलाही दिसू नयेत, असं दोन्ही हवं असेल तर 'एन्टे' नावाचं अ‍ॅप आहे. फोटो तुमच्याच मोबाइलात कुलूपबंद होऊन मग वर जातात. ते चालवणाऱ्यांनाही उघडता येत नाहीत. पण मग पासवर्डही हरवला आणि त्यांनी दिलेली चोवीस शब्दांची किल्लीही हरवली, तर जगात कुणी ते फोटो परत देऊ शकत नाही. आयडी लिहून ठेवायची शिस्त ज्या घरात नाही, त्या घराला मी हे सुचवत नाही. ज्यांच्याकडं सतत चालू राहणारा कॉम्प्युटर आहे आणि हौस आहे, त्यांनी 'इमिच' बघावं. घरातल्याच कॉम्प्युटरवर स्वतःचं गूगल फोटोज उभं करता येतं. लाईट जाते-येते त्या गावात मात्र ते सांभाळणं कष्टाचं आहे.

तारीख आणि जागा सांगणारा फोटो

सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी आठवा. गोदावरी, सिंदफणा, मांजरा, सीना, सगळ्या नद्या पात्र सोडून वाहिल्या. सोयाबीन पाण्याखाली, काही ठिकाणी मातीच खरवडून गेली. त्या दिवसांत माझ्याकडं शेतकरी फोटोच्या प्रिंट काढायला येत होते, अर्जाला जोडायला. एका आप्पांनी वीस फोटो आणले. सगळे गावच्या ग्रुपवरून परत डाऊनलोड केलेले. मूळ फोटो पुतण्याच्या मोबाइलात, आणि तो मोबाइल त्याच पुरात भिजून बंद.

मोबाइलनं काढलेल्या फोटोच्या फाइलीत चित्राबरोबर एक चिठ्ठी असते असं समजा. कधी काढला, कोणत्या मोबाइलनं काढला, आणि लोकेशन चालू असेल तर नकाशावर नेमका कुठं काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ही चिठ्ठी निघून जाते. आप्पांच्या वीस फोटोंत शेत दिसत होतं, पण ते कोणतं शेत आणि कोणता दिवस हे फाइलीतून सांगता येत नव्हतं. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, त्यात फोटो शेतात उभं राहून, जागेच्या नोंदीसकट काढावा लागतो, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. आपल्या स्वतःच्या फोटोलाही तीच शिस्त लावा. पंचनाम्याचे, बांधाचे, विहिरीचे फोटो काढताना कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू ठेवा. अ‍ॅप असं निवडा ज्यात फोटो वर सरकवला की तारीख आणि नकाशा दिसतो. गूगल फोटोज आणि बहुतेक कंपन्यांच्या गॅलरीत दिसतो. आणि कुणाला द्यायचा तर डॉक्युमेंट म्हणून द्या. उलट घराचे, मुलींचे फोटो अनोळखी ठिकाणी टाकताना हीच चिठ्ठी काढून टाकलेली बरी. पाठवताना लोकेशन वगळायची सोय बऱ्याच गॅलरींत आहे.

सेतू केंद्रावर आयफोनचा फोटो उघडत नाही, ही तक्रारही रोजची. २०१७ पासून आयफोन 'एचईआयसी' नावाच्या पद्धतीत फोटो साठवतो, जागा कमी लागते म्हणून. अर्जाच्या बहुतेक साइट जेपीजीच घेतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' करा, पुढचे फोटो जेपीजीत येतील.

नेट, लाईट आणि पेनड्राइव्ह

बॅकअप चालू केला आणि महिनाभर एकही फोटो वर गेला नाही, असं होतं. कारण बॅकअप वायफायवर ठेवलेला असतो आणि गावात वायफायच नसतो. मोबाइल डेटावर रोज थोडी मर्यादा ठरवून बॅकअप करता येतो, ती चालू करा. दुसरं कारण बॅटरी सेव्हर. काही मोबाइल तो चालू असताना मागं चाललेलं काम मारून टाकतात. दिवसाचा डेटा रात्री बाराला संपतोच, तर झोपायच्या आधी मोबाइल चार्जिंगला लावून अ‍ॅप एकदा उघडून ठेवा, उरलेला डेटा फोटोंच्या कामी येईल.

आणि फक्त वर ठेवलेल्या फोटोंवर विसंबू नका. ओटीजी पेनड्राइव्ह मोबाइलला सरळ जोडता येतो. दिवाळीची साफसफाई निघाली की वर्षाचे फोटो त्यावर उतरवा, वर्ष लिहून कपाटात ठेवा. त्यातून काही पुसायचं नाही, नुसतं भरत जायचं. हीच आजची निगेटिव्ह. मेमरी कार्डावर एकट्यावर भरवसा नको, ती न सांगता मरतात. गूगलमधून सगळं एकदम उतरवायचं असेल तर 'गूगल टेकआउट' वापरा, पण ते कॉम्प्युटरवर आणि चांगल्या नेटवर करायचं काम आहे.

मला कुणी नाव सांगच म्हटलं तर बहुतेक घरांना मी गूगल फोटोज सांगतो, स्टोरेज सेव्हरवर, आयडी वहीत लिहिलेला, आणि कपाटात पेनड्राइव्ह. शोधायला त्याच्याइतकं सोपं दुसरं मला सापडलं नाही. माणसाच्या चेहऱ्यावर दाबलं की त्याचे लहानपणापासूनचे फोटो समोर येतात. आयफोनवाल्याला आयक्लाऊडची ५ जीबी लवकर संपते, त्यानं एकतर जागा घ्यावी नाहीतर तेही गूगलवर न्यावं. रोजच्या बघण्याला मात्र कंपनीची गॅलरी वापरा आणि नको असलेलं तिथून काढा. तिथून काढलेला फोटो आधी वर पोचलेला असेल तर बहुतेक वेळा वर शाबूत राहतो. ज्या मोबाइलच्या गॅलरीला स्वतःचं सिंक आहे, तिथं आधी चहाच्या कपाचा प्रयोग करा.

त्या मायलेकांचं काय झालं, ते राहिलं. मी पोराला विचारलं, लग्न कुणाचं होतं? वसमतच्या मावसभावाचं. त्याला तिथूनच फोन लावला. मावसभावाच्या खात्यात बॅकअप होता. त्यानं शोधायच्या जागी लग्नाचा महिना टाकला, दोन मिनिटांत तोच फोटो सापडला आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला. साडेतीन एमबी. स्क्रीनवर मोठा केला तसे फेट्याचे धागे दिसले, डोळ्यांतली चमक दिसली. माय बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिली.

फ्रेम न्यायला दोघं परत आले तेव्हा मायनं पिशवीतून स्वतःचा मोबाइल काढून काउंटरवर ठेवला. अकराशे फोटो होते, बॅकअप बंद, जीमेल कुणी बनवून दिलेलं तिला आठवत नव्हतं. आधी आयडी वाचून कागदावर लिहिला, पासवर्ड बदलला, रिकव्हरीला मुलाचा नंबर घातला. मग बॅकअप चालू करून दुकानाच्या वायफायवर लावून दिला. वर जायला पाऊण तास लागला. तेवढ्यात मी फ्रेमला काच बसवली.